साथीच्या काळात बेघरांची मोजणी आणि निवाऱ्याच्या मागणीची नोंद कशी ठेवावी

साथ आली की निवारा केंद्रांकडून रोज संध्याकाळी एकच आकडा मागवला जातो, तो म्हणजे आज किती खाटा भरल्या. पुढे त्याच आकड्यावरून शहरात बेघर किती आहेत आणि आणखी किती जागा लागेल याचे अंदाज बांधले जातात. चूक होते ती इथेच, कारण भरलेल्या खाटांवरून जागा किती होती एवढेच कळते. केंद्रात चोवीस खाटा असतील, तर फाटकाबाहेर चाळीस माणसे उभी असली काय आणि चारशे असली काय, अहवालात चोवीसच येणार.

हा लेख नगरपालिका-महानगरपालिकांचे समुदाय संघटक, निवारा केंद्रांचे व्यवस्थापक आणि रात्री रस्त्यावर फिरणारी स्वयंसेवी पथके यांच्यासाठी आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील शहरांची आणि कोविडच्या काळातील आहेत, परंतु पुढची साथ कोणतीही असली तरी कामाचा क्रम हाच राहील. चार आकडे पहिल्या दिवसापासून वेगवेगळे ठेवायचे आहेत: आज रात्री उघड्यावर किती जण झोपले, निवारा मागायला किती जण आले, त्यांपैकी किती जणांना तो मिळाला, आणि आधी राहणाऱ्यांपैकी किती जण निघून गेले. हे चार आकडे एकमेकांत मिसळले की नंतर कितीही खटपट केली तरी ते सुटे करता येत नाहीत.

बहुतेक पथके थेट मोजणीपासून सुरुवात करतात, कारण मोजणी दिसते आणि तिचे छायाचित्र काढता येते. मात्र केंद्रांच्या वह्या लागलेल्या नसतील तर त्या रात्रीचा आकडा आठवडाभरात शिळा होतो. म्हणून आधी व्याख्या, मग नकाशा, मग वह्या आणि त्यानंतर मोजणी, हा क्रम मोडू नये.

टप्पा १ : कोणाला मोजायचे ते कागदावर लिहून ठरवा

जनगणनेची व्याख्या पायाभूत धरावी. जे कुटुंब इमारतीत किंवा घरात राहत नाही आणि उघड्यावर, रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहते, ते तिथे बेघर मानले जाते. साथीच्या काळात एवढी व्याख्या पुरत नाही, कारण टाळेबंदीने बेघर केलेली अनेक माणसे आदल्या आठवड्यापर्यंत या व्याख्येत बसतच नव्हती. हॉटेलच्या भटारखान्यात, दुकानाच्या पोटमाळ्यावर, गोदामात किंवा बांधकामाच्या जागेवर झोपणाऱ्याचे काम गेले की त्याच दिवशी छप्परही जाते. मुंबईत एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे कामगार आळीपाळीने झोपतात. कारखाने बंद झाले की दोन्ही पाळ्या एकाच वेळी खोलीत येतात आणि निम्म्यांना बाहेर पडावे लागते.

यासाठी तीन गट करावेत. पहिला गट आज रात्री उघड्यावर असलेल्यांचा. दुसरा निवारा केंद्रात, शाळेत उघडलेल्या छावणीत किंवा अन्य तात्पुरत्या जागेत असलेल्यांचा. तिसरा, ज्यांचे छप्पर आज आहे पण महिनाभरात जाण्याची शक्यता आहे त्यांचा, म्हणजे भाडे थकलेले, मालकाने निघण्यास सांगितलेले आणि कामाच्या जागी झोपणारे. प्रत्येक व्यक्ती एका वेळी एकाच गटात असेल. तिन्ही गटांची बेरीज करून "शहरातील बेघर" असा आकडा कधीही छापू नये.

वादाच्या जागा आधीच मिटवून टाकाव्यात. उसाच्या फडाजवळ कोपीत राहणारे ऊसतोड मजूर, माळावर पाल ठोकून राहणारी भटकी कुटुंबे आणि मोठ्या रुग्णालयांबाहेर पदपथावर मुक्काम करणारे रुग्णांचे नातेवाईक यांना कोणत्या गटात धरायचे, हे प्रत्येक पथकाने आपापल्या मनाने ठरवले तर दोन प्रभागांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. माझ्या मते रुग्णांच्या नातेवाइकांना पहिल्या गटात धरून वेगळी खूण करावी. त्यांचे गावी घर असले तरी आज रात्री ते उघड्यावरच आहेत, आणि संसर्गाचा धोका त्यांना इतरांहून अधिक आहे.

*सावधान:* २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार लोक बेघर नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे १ लाख ११ हजार शहरी भागात होते. ही २८ फेब्रुवारी २०११ या एका रात्रीची गणना होती. साथीच्या काळातील टक्केवारी काढताना हा आकडा छेदस्थानी ठेवू नये.

टप्पा २ : नकाशा, माणसे आणि कागद

जुना नकाशा हाताशी असला तरी त्यावर विसंबू नये. मार्च २०२० मध्ये रेल्वे थांबली आणि फलाटांवर झोपणारे एका रात्रीत पुलांखाली, बंद बाजारांच्या ओट्यांवर आणि बसथांब्यांवर पांगले. नवा नकाशा दिवसा दोनदा फिरून तयार करावा आणि तो करताना ज्यांना खरी माहिती असते त्यांना विचारावे: सफाई खात्याचा मुकादम, रात्री उशिरापर्यंत चालणारी चहाची टपरी, रिक्षा स्टँड, मार्केट यार्डातील हमाल, गुरुद्वाऱ्यातील लंगर चालवणारे, शिवभोजन केंद्राचा चालक. मुकादमाला पहाटे कोणता ओटा झाडता येत नाही ते ठाऊक असते, आणि तेवढी माहिती पुरते. प्रत्येक जागेला क्रमांक द्यावा, हद्द खुणेने लिहावी आणि एक जागा एकाच पथकाकडे सोपवावी.

पथकात तिघे पुरतात. त्यांतील एक स्त्री असावी आणि एकाचा चेहरा तरी त्या भागात ओळखीचा असावा. गणवेशातील कोणीही सोबत नको. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेले जाण्याची भीती पदपथावर पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे; गाडी थांबली आणि काठी दिसली की माणसे गल्लीत शिरतात आणि मोजणी तिथेच संपते. स्वयंसेवकांना बोलण्याची सुरुवात शिकवून ठेवावी. वयाप्रमाणे दादा, मावशी, काका, आजी अशी हाक मारावी, आधी "जेवण झालं का?" हे विचारावे, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगावे आणि मगच कागद काढावा.

कागद एका पानाचा असावा आणि त्यावर आठांपेक्षा जास्त प्रश्न नसावेत. जागेचा क्रमांक, स्त्री-पुरुष-तृतीयपंथी, अंदाजे वयोगट, सोबत कोण, या जागी किती दिवसांपासून, त्याआधी कुठे झोपत होता, निवारा हवा आहे का, आणि नको असल्यास का. जात, धर्म आणि उत्पन्न यांचा या मोजणीत उपयोग नाही, आणि त्या प्रश्नांनी समोरचा माणूस गप्प होतो.

*तपासा:* ताप किंवा खोकला असलेली व्यक्ती भेटली तर रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा, गाडी कोण पाठवणार आणि तिला कुठे नेणार, याची उत्तरे निघण्यापूर्वी लिहून घेतली आहेत का? ती नसतील तर तापमान मोजू नये. आजारी माणसाला आजारी म्हणून नोंदवून तिथेच सोडून येणे हा विश्वासघात आहे, आणि पुढच्या रात्री त्या जागी कोणीही तुमच्याशी बोलणार नाही.

टप्पा ३ : केंद्राची रोजची वही

प्रत्येक केंद्रात एकच वही, एकच वेळ. मी रात्री दहा ही वेळ सुचवतो, कारण त्यानंतर ये-जा थांबलेली असते. प्रत्येक दिवसाला पाच रकाने लागतात: कालचे राहणारे, आज नव्याने आलेले, आज परत आलेले जुने, आज गेलेले आणि आजचे राहणारे. पहिल्या तिघांच्या बेरजेतून चौथा वजा केला की पाचवा आलाच पाहिजे. न आल्यास त्याच रात्री शोध घ्यावा, सकाळपर्यंत थांबू नये. सकाळी कोणाला काही आठवत नाही.

बाहेर पडणाऱ्यापुढे कारण लिहावे: गावी गेला, काम मिळाले, रुग्णालयात दाखल, दुसऱ्या केंद्रात पाठवला, न सांगता गेला, मृत्यू. "न सांगता गेला" या नोंदी एकदम वाढल्या तर केंद्रात काहीतरी बिघडले आहे असे समजावे. जेवण, पाणी, मारामारी किंवा चाचणीची अफवा, यांपैकी कोणते तरी कारण हमखास सापडते.

क्षमतेचा रकाना मात्र रोज नव्याने भरावा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत प्रत्येक व्यक्तीमागे किमान ५० चौरस फूट जागा आणि प्रत्येक केंद्रात ५० ते १०० जणांची सोय अपेक्षित होती. जुन्या सभागृहांत आणि समाजमंदिरांत प्रत्यक्ष जागा अनेकदा त्याहून कमी असते. समजा, केंद्र ५० खाटांचे आहे. खाटांमध्ये सहा फुटांचे अंतर ठेवल्यावर २८ उरल्या, आणि लक्षणे असलेल्यांसाठी एक खोली राखून ठेवल्यावर २४. त्या रात्री २४ जण झोपले तर केंद्र पूर्ण भरलेले आहे. जुन्या क्षमतेने भागले तर ४८ टक्के येतात, आणि बैठकीत "केंद्रे निम्मी रिकामी आहेत, लोकांनाच यायचे नाही" असा निष्कर्ष निघतो. या एका भागाकाराने नव्या छावण्यांचे प्रस्ताव मागे पडतात.

*तपासा:* टक्केवारी काढताना वापरलेली क्षमता आजची आहे का, आणि ती कोणी मोजली त्याची सही वहीत आहे का?

टप्पा ४ : परत गेलेल्यांची वही

साऱ्या कामात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाची वही हीच. निवारा मागितला पण मिळाला नाही, किंवा मिळत असूनही घेतला नाही, अशा प्रत्येक वेळेची एक ओळ इथे लिहायची असते.

टाळेबंदीत एका केंद्राच्या फाटकावर पाहिलेली गोष्ट सांगतो. एक जोडपे आले होते. बाईच्या हातात गोणपाट, त्यात स्टोव्ह, कुकर आणि घड्या केलेल्या गोधड्या. केंद्र स्त्रियांचे होते. रखवालदार चांगला माणूस होता, तो म्हणाला, "ताई, तुम्हाला जागा आहे, पण दादांना इथे नाही घेता येणार. त्यांना पलीकडच्या केंद्रात जावं लागेल." पलीकडचे केंद्र चार किलोमीटरवर होते आणि रस्त्यात नाकाबंदी होती. बाईने नवऱ्याकडे पाहिले, गोणपाट पुन्हा खांद्यावर घेतले आणि दोघे आले तसे परत गेले. त्या रात्रीच्या अहवालात "दोन खाटा रिकाम्या" अशी नोंद गेली. दोन माणसांनी दार ठोठावले होते, ही गोष्ट कुठल्याच कागदावर उरली नाही.

म्हणून ही वही कार्यालयात न ठेवता फाटकावर, रखवालदाराच्या हाताशी ठेवावी. तो फार लिहिणारा नसेल तर कारणांना आकडे देऊन फक्त खूण करायला सांगावे. कारणे साधारण अशी असतात: जागा नाही, कुटुंबाला एकत्र राहता येत नाही, हातगाडी किंवा सामान ठेवायची सोय नाही, कुत्रा सोबत आहे, ओळखपत्र मागितले, चाचणीची किंवा विलगीकरणाची भीती, दारू प्यायलेला म्हणून नाकारले, व्यंग असल्यामुळे जिना चढता येत नाही, कामापासून लांब. हमाल पहाटे तीनला गाड्या उतरवायला उभा राहतो. केंद्राचे दार सहाला उघडत असेल तर तो तिथे राहूच शकत नाही.

या कारणांतून मागणीचा प्रकार कळतो. पंधरवड्यात सर्वाधिक खुणा "कुटुंबाला एकत्र राहता येत नाही" यापुढे असतील तर पुरुषांच्या केंद्रात खाटा वाढवून उपयोग नाही. कुटुंबांसाठी शाळेचे वर्ग उघडावे लागतील. दूरध्वनी मदतकक्ष असेल तर तिथेही हीच वही आणि हीच कारणे असावीत. एकाच व्यक्तीने तीनदा मागणी केली तर तीन ओळी लिहाव्यात, परंतु मोजताना "तीन मागण्या, एक व्यक्ती" असे दोन्ही आकडे द्यावेत.

*सावधान:* जेवणाचा आकडा निवाऱ्याच्या आकड्यात मिळवू नये. ३१ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलेल्या आकड्यांनुसार देशभरात २१,०६४ मदत छावण्या होत्या, त्यांत सुमारे ६ लाख ६६ हजार लोकांना निवारा दिला होता आणि सुमारे २२ लाख ८८ हजार लोकांना अन्न. अन्नाच्या रांगेतील अनेकांना घर असते, पण चूल पेटत नसते.

टप्पा ५ : रात्रीची मोजणी

सर्व जागांवर एकाच रात्री, बारा ते तीनच्या दरम्यान जावे. त्याआधी माणसे जागेवर आलेली नसतात, आणि तीननंतर बाजारांची कामे सुरू होतात. सणाची, मोठ्या पावसाची किंवा पोलिसांच्या मोहिमेची रात्र टाळावी.

झोपलेल्याला उठवू नये. चेहऱ्यावर विजेरी मारू नये. प्रकाश जमिनीकडे ठेवावा. सर्वांत मोठी चूक होते ती चादरींमध्ये. एका चादरीखाली एक माणूस धरला जातो, प्रत्यक्षात आईच्या कुशीत दोन मुले असतात. चपला मोजण्याची युक्ती अनेकजण सांगतात, पण ती फसते, कारण चोरीच्या भीतीने लोक चपला उशाला घेऊन झोपतात. खात्री होत नसेल तर कागदावर "किमान १, बहुधा ३" असेच लिहावे. अशा जागांवर सकाळी पुन्हा जाऊन विचारता येते.

पथकाच्या नजरेतून सुटलेल्यांचा अंदाज घ्यायचा असेल तर निवडक जागांवर दोनदा जाऊन तुलना करावी. यासाठी पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ चांगली, कारण अंथरुणे गुंडाळली जात असतात आणि लोक जागे असतात. बाजाराच्या भागात मात्र रात्री नऊला जावे. समजा, पहिल्या फेरीत १४० जणांशी बोलणे झाले. तीन दिवसांनी दुसऱ्या फेरीत १२६ जण भेटले आणि त्यांपैकी ९८ जणांनी सांगितले की परवाही आपल्याशी बोलणे झाले होते. १४० गुणिले १२६, भागिले ९८, उत्तर १८०, म्हणजे त्या जागांवर एकूण साधारण १८० जण असावेत. दोन्ही फेऱ्यांत मिळून प्रत्यक्ष भेटलेले वेगवेगळे लोक १६८ होतात, म्हणजे साधारण बारा जण दोन्हीदा सुटले. फेऱ्यांमध्ये फार दिवस जाऊ देऊ नयेत, कारण मधल्या काळात माणसे गावी निघून गेली किंवा नवी आली तर हे गणित कोलमडते. लपून राहणाऱ्यांना ते पकडत नाही, त्यामुळे उत्तर किमान मानावे. आधी भेट झाल्याची खूण म्हणून वाटलेला मुखपट्टा पाहू नये, तो हातोहात फिरतो. प्रश्न विचारूनच खात्री करावी.

*सावधान:* जागांची यादी अतिक्रमण विभागाच्या हाती लागू देऊ नये. आमच्या पथकाने एका शहरात मोजलेल्या तीन जागांवर चारच दिवसांनी गाडी आली आणि लोकांच्या गाठोड्यांसकट सारे उचलून नेले. यादी कोणी पुढे पाठवली ते आम्हाला कधीच कळले नाही, पण ती आमची होती. तेव्हापासून वर पाठवायच्या अहवालात आम्ही प्रभागनिहाय बेरीज देतो, नेमकी जागा नाही.

टप्पा ६ : एकच माणूस दोनदा येऊ नये म्हणून

केंद्र, मदतकक्ष आणि पथक या तिघांच्या याद्यांत तीच व्यक्ती असू शकते. त्यावर आधार क्रमांक हा उपाय नाही; ज्यांची कागदपत्रे चोरीला गेली, भिजली किंवा कधी काढलीच नाहीत, तेच लोक मग गळतात. मे २०२१ मध्ये ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणासाठी केंद्राला वेगळी कार्यपद्धती काढावी लागली, ती याच अडचणीमुळे.

त्याऐवजी सांगितलेल्या नावाचे पहिले अक्षर, आईच्या नावाचे पहिले अक्षर, अंदाजे जन्मवर्ष आणि मूळ तालुका यांचा मिळून एक संकेत करावा. वर्षात दोन-तीनचा फरक चालवून घ्यावा, कारण वय दरवेळी वेगळे सांगितले जाते. शंका असेल तिथे दोन्ही नोंदी ठेवून खूण करावी, उगाच एक खोडू नये. नाव सांगायचे नसेल तर आग्रह धरू नये आणि त्यामुळे निवारा नाकारू नये. संमती तोंडी घेतली तरी चालेल, पण ती घेतल्याची खूण कागदावर हवी.

टप्पा ७ : पुढच्या महिन्याची मागणी आधी ओळखा

तिसऱ्या गटासाठी घरोघर जाण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा काही ठरावीक ठिकाणी तेच प्रश्न विचारावेत: मजूर अड्ड्यावर सकाळी किती जण उभे राहिले आणि किती जणांना काम मिळाले, शिवभोजन केंद्रात दुपारी किती वाजता थाळ्या संपल्या, मदतकक्षाकडे भाड्याच्या किती तक्रारी आल्या, रुग्णालयातून बरे होऊन निघालेल्या किती जणांना घरमालकाने परत घेतले नाही. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्यास सांगितले होते. अशी सवलत संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर ठळक करून ठेवावी, कारण थकलेले भाडे त्यानंतर एकदम मागितले जाते. टाळेबंदी उठण्याच्या आठवड्यालाही तसेच लक्ष द्यावे: शाळांत उघडलेल्या छावण्या बंद होतात, माणसे मात्र तिथेच असतात.

टप्पा ८ : तक्ता, वाचणारा आणि शेवट

रोजचा तक्ता एका पानाचा असावा: आजची खरी क्षमता, राहणारे, नवे आलेले, परत गेलेले आणि त्यांचे पहिले कारण. सोबत सात दिवसांची सरासरी द्यावी, कारण एका रात्रीच्या पावसाने आकडा उडी मारतो. एखाद्या केंद्राचा आकडा आला नाही तर तिथे शून्य न लिहिता "माहिती नाही" लिहावे. नवे केंद्र उघडले, व्याख्या बदलली किंवा नाकाबंदी उठली, तर त्या तारखेपुढे तशी टीप लिहावी. नाहीतर महिनाभराने चढ-उताराचे कारण कोणालाच सांगता येत नाही.

तक्ता कोण वाचणार आणि वाचून काय करणार, हे आधी लेखी ठरलेले हवे. उदाहरणार्थ, एखाद्या प्रभागात "जागा नाही" या कारणाने परत गेलेल्यांची सरासरी सलग तीन दिवस दहाच्या वर राहिली, तर अठ्ठेचाळीस तासांत तिथे तात्पुरती जागा उघडायची. मर्यादा शहराने आपल्या सोयीप्रमाणे ठरवावी, पण तिच्यापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असलेच पाहिजे.

आठवड्याचे आकडे केंद्रातील लोकांना आणि रखवालदारांनाही वाचून दाखवावेत. चूक कुठे आहे ते पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येते.

साथ ओसरल्यावर संकेतांच्या याद्या आणि जागांचे नकाशे कुलूपबंद करावेत, बेरजा जपून ठेवाव्यात, आणि ज्या कागदांवर नावे आहेत ते ठरलेल्या तारखेला दोघांच्या समक्ष नष्ट करून तशी नोंद वहीत करावी. परत गेलेल्यांची वही मात्र बंद करू नये. ती फाटकावर वर्षभर चालू राहू द्यावी.